गिरीजच्या वाटेवर

वसईचा गजबजलेला बाजार आणि पापडी मागे पडली की गिरीजच्या वाटेवर हवा बदलते. दोन्ही बाजूंना केळीच्या व नारळाच्या वाड्या, मधूनच एखादे बावखल, घरांपुढे ख्रिस्ती बांधवांचे शुभ्र क्रूस आणि पहाटे बाजाराकडे निघालेल्या फुलांच्या व भाजीच्या टोपल्या. पुढे हिरा डोंगरी दिसू लागते. माथ्यावर दत्तमंदिर आणि वज्रगडाचे अवशेष. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, त्या मोहिमेशी या लहानशा गडाचे नाव जोडलेले आहे. निवृत्तीनंतर सायकलीवरून या वाटेने जाणे हा माझा रविवारचा नेम झाला आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात माझे थोरले चुलतबंधू माझ्यासोबत निघाले. आम्ही त्यांना दादा म्हणतो. आयुष्यभर त्यांनी धान्याची पेढी सांभाळली. खतावणीचे पान वरून खाली नजरेखालून घालून बेरीज तोंडी सांगणारे ते गृहस्थ. सायकल नवी होती. वहिनींनी तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक रेखले, दोघांच्या हातावर दही-साखर ठेवली. मी दोन हेल्मेटे आणली होती. दादा हसून म्हणाले, "अरे, आपण काय शर्यतीला निघालो आहोत? गिरीजपर्यंत तर जायचे!" मला संकोच वाटला. त्यांचे हेल्मेट घरीच राहिले आणि माझे मी हँडलला अडकवले.

परतताना गिरीजमधील एका वळणावर वाडीच्या कुंपणातून रस्त्यावर ओला पाला पडला होता. समोरून वाहन नव्हते, वेगही नव्हता. दादांचे पुढचे चाक सरकले, ते आडवे झाले आणि डोके कुंपणाच्या दगडावर आदळले. मिनिटाभरात स्वतः उठून बसले, पण मला नावाने हाक मारू शकले नाहीत. पहिल्या वाडीतील माणसे पाणी घेऊन धावली, त्यांनीच रिक्षा आणली.

दादा बचावले, ही कृपाच. ते बोलतात, चालतात, नातवंडांत रमतात. परंतु चार रकमांची बेरीज आता त्यांच्याकडून होत नाही. पेढीवर बसतात, खतावणी उघडतात आणि थोड्या वेळाने मिटून ठेवतात. चौतीस वर्षे बँकेत मी तारण तपासल्याशिवाय कर्जाच्या कागदावर सही केली नाही. त्या सकाळी मात्र घरातील सर्वांत मोठी ठेव मी उघड्यावर नेली.

डॉक्टरांनी समजावले तेव्हा कळले की अशा इजेला वेग लागत नाही. उभ्या माणसाचे डोके दगडावर आपटले तरी कवटीच्या आत मेंदू हादरतो. सायकलीच्या हेल्मेटातील जाड फेस धक्क्याने चेपतो. त्यामुळे डोके क्षणार्धात थांबण्याऐवजी किंचित सावकाश थांबते आणि आघात एका बिंदूवर न पडता पसरतो. म्हणूनच एकदा जोराचा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवे बसले पाहिजे. डोक्याच्या मागे सरकलेले हेल्मेट कपाळ उघडे टाकते. हनुवटीखालील पट्ट्यात एक-दोन बोटे जातील इतकीच सैलता असावी. हेल्मेट अपघात टाळत नाही. त्यासाठी ब्रेक, दिवा आणि सावधपणा हवाच.

मोटार वाहन कायद्यातील हेल्मेटची सक्ती मोटारसायकलींसाठी आहे, साध्या सायकलीला ती लागू नाही. शर्यतीतले स्वारही एकेकाळी दादांसारखेच बोलत. १९९१ साली 'पॅरिस-नीस' शर्यतीत त्यांनी सक्तीला विरोध केला आणि ती मागे पडली. २००३ च्या मार्चमध्ये त्याच शर्यतीत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव हेल्मेटविना पडला व डोक्याच्या इजेने गेला. त्याच वर्षी जागतिक सायकल संघटनेने हेल्मेट अनिवार्य केले.

गिरीजच्या शेजारी भुईगाव आहे. १९५६ साली तेथे सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. या लेखाचा आशय मला अलीकडेच समजला. आजारपणात, विवाहात, अपत्यजन्मी आणि प्रवासाला निघताना लोक नाना मंगलविधी करतात, पण त्यांचे फळ अल्प, असे अशोक सांगतो. सेवकांशी नीट वागणूक, वडीलधाऱ्यांचा आदर, प्राणिमात्रांविषयी संयम, हे आचरणच त्याच्या मते खरे मंगल. प्रवासाला निघताना! ते वाचून आमच्या सायकलीवरचे स्वस्तिक आठवले. स्वस्तिकात काही उणे नव्हते, उणीव आमच्या आचरणात होती.

आता रविवारी माझा बारा वर्षांचा नातू सोबत असतो. तो मोठ्यांचे ऐकत नाही, मोठ्यांकडे पाहतो. म्हणून आधी मी हेल्मेट घालतो, मग तो. निघताना दादांच्या दारी थांबतो. वहिनी दही-साखर आजही देतात, पण त्याआधी दोघांच्या हनुवटीखाली बोट घालून पट्टा ओढून पाहतात.