खाजणावरचा भराव

ठाणे-पनवेलच्या खाड्यांकाठी, जिथे उन्हाने तडकलेल्या वरच्या पापुद्र्याखाली पाऊल पडताच पोटरीपर्यंत रुतते, अशा खाजण जमिनीवर रस्त्याचा भराव घालण्याचे काम ज्याच्या वाट्याला येते, त्याला त्या काळ्या मातीचा स्वभाव ग्रंथांपेक्षा पायांनीच लवकर उमगतो. ही चिकणमाती कित्येक ठिकाणी 10 मीटरांहून खोल असते, आणि तिच्यातील पाण्याचे वजन कधीकधी कोरड्या मातीच्या वजनाला येऊन भिडते.

तळाशी जिओग्रिडची जाळी अंथरली म्हणजे रस्ता खचायचा नाही, ही समजूत मुकादमापासून वरिष्ठ अंमलदारांपर्यंत सर्वत्र आढळते. वस्तुतः भरावाला आडवे पसरू न देणे आणि त्याचा पायथा सरकून कडेची जमीन वर उसळू न देणे, एवढेच जाळीचे काम. खालची माती पाणी सोडून जेवढी बसायची तेवढी बसतेच. शिवाय जाळीची बळकट दिशा रस्त्याला आडवी ठेवून, रुंदीत जोड येऊ न देता, मुरूम पडण्यापूर्वीच ती ताणून तिच्या सुरकुत्या काढाव्या लागतात; कारण सैल जाळीला ताण यायचा तर आधी भरावानेच हलले पाहिजे, आणि मग तिचा उपयोग मुदतीनंतर पोहोचलेल्या हुकमासारखा.

खरी परीक्षा वाहने सुरू झाल्यावर होते. 8 टनांच्या आसाचे एका बाजूचे 4 टन फूटभर लांबी-रुंदीच्या जागेवर टेकतात; हा भार खोलीच्या निम्म्या प्रमाणात चहूबाजूंस पसरतो असे मानले, तर 1 मीटर खाली तो दर चौरस मीटरला सुमारे 2.4 टन भरतो आणि 4 मीटर खाली पाव टनाहूनही कमी. अशा मातीची कातरशक्ती पुष्कळदा 1 टनाच्या आसपासच असल्यामुळे, उंच भरावाला स्वतःच्या वजनाचे भय, तर जो बुटका भराव आपण निर्धास्तपणे मंजूर करतो त्याला चाकांचे. प्रत्येक चाकागणिक मातीच्या रंध्रांतील पाण्याचा दाब किंचित चढतो. ते पाणी इतके सावकाश निघते की पहिला दाब उतरण्यापूर्वी दुसरा ट्रक येऊन ठेपतो, आणि दाबाची शिल्लक वाढत जाते. भार मर्यादेत असेल तर दर फेरीचे खचणे घटत जाऊन माती स्थिरावते. मर्यादा ओलांडली तर प्रत्येक ट्रक आपल्या वाट्याचे खचणे वसूल करतो, आणि चाकोरीच्या कडेने लांब, सरळ भेग उमटते. त्या भेगेत डांबर ओतून बिल काढणारे कंत्राटदार मी पाहिले आहेत. खालच्या दाबाची चौकशी करणारे क्वचितच.

इंडियन रोड्स काँग्रेसने 2013 साली अशा भरावांसाठी आयआरसी 113 ही स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, तेव्हा नियमांची उणीव राहिलेली नाही. उणीव आहे ती सबुरीची. उभ्या निचरापट्ट्या घातल्या तरी पाणी निघण्यास महिने लागतात, आणि उद्घाटनाची तारीख तोवर थांबत नाही. म्हणून खाजणावरील रस्त्याच्या अंदाजपत्रकात जाळीच्या रकमेखाली थांबण्याच्या मुदतीचाही रकाना असावा, आणि तो कोरा असेल तर अभियंत्याने त्या कागदावर सही करू नये.