राखणदार मागे, फौजदार पुढे

गुन्हेगारीच्या कथेस कुटुंबाची जोड दिली की प्रेक्षकाची अपेक्षा दुणावते. पिस्तूल कोणी कोणावर रोखले एवढ्याने त्याचे समाधान होत नाही. ते रोखणाऱ्याची आई त्या रात्री जेवली की नाही, हेही त्यास कळावयास हवे असते. ही दुसरी अपेक्षा पुरी न झाल्यास, पडद्यावर कितीही धुमश्चक्री झाली तरी मन रितेच राहते. महेश मांजरेकर यांचा २०२१ सालचा ‘अंतिम’ हा हिंदी चित्रपट पाहून आमची अशीच स्थिती झाली.

अपेक्षा बाळगण्यास कारण होते. हा चित्रपट प्रवीण तरडे यांच्या २०१८ सालच्या ‘मुळशी पॅटर्न’ या मराठी चित्रपटावर आधारलेला आहे. पुण्यालगतच्या जमिनीस सोन्याचा भाव आला. शेतकऱ्याने ती विकली. पैसा आला तसा गेला. आणि कालचा मालक शहराच्या बाजारात हमाली करू लागला. बापाच्या अपमानाचे उत्तर मुलाने शस्त्राने दिले. मुळशीचे नाव निघाले की १९२१ सालचा सत्याग्रह आठवतो. धरणाखाली जाणाऱ्या जमिनींसाठी तेथील मावळे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झगडले. तेव्हा जमीन बळाने गेली, आता मोहाने जाते. घर उघडे पडते ते दोन्ही वेळा.

मूळ चित्रपटात भडकपणा पुष्कळ आहे. परंतु मोहन जोशी यांनी रंगविलेला बाप त्यातही ठसठशीत उभा राहतो. ‘अंतिम’मध्ये ही भूमिका सचिन खेडेकर यांच्यासारख्या समर्थ नटाकडे आहे. आयुष शर्मा यांनीही मुलाच्या कामी मेहनत घेतली आहे. विकलेल्या आपल्याच रानावर राखणदार म्हणून उभा असलेला शेतकरी, एवढ्या एका चित्रात साऱ्या कथेचे मर्म आहे. तथापि सलमान खान फौजदाराच्या वेषात अवतरतात आणि कथा त्या राखणदारास सोडून त्यांच्यामागे जाते. मूळ चित्रपटातील उपेंद्र लिमये यांचा फौजदार कथेचा एक भाग होता. येथे कथाच फौजदाराची झाली. साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर अंगी रस करुण असावयास हवा होता. वीराने ती जागा बळकावली.

आमच्या जुन्या नाटककारांस हे भान होते. ‘मृच्छकटिका’तील शर्विलक हा ब्राह्मण चोर भिंतीस भोक पाडताना मापाची दोरी विसरतो आणि जानव्याने माप घेतो. प्रेक्षक हसतो, पण ही चोरी मदनिकेस दास्यातून सोडविण्यासाठी आहे, हे शूद्रक त्यास विसरू देत नाही. शिवाय चोरी झालेल्या घरात काय घडले तेही तो दाखवितो. ठेव गेली म्हणून पतीच्या नावास बट्टा लागू नये, यासाठी चारुदत्ताची पत्नी आपली रत्नमाला काढून देते. चोराचे कौशल्य आणि त्या गृहिणीचे दुःख, दोहोंसही त्याच्या नाटकात जागा आहे.

हा केवळ रसिकतेचा प्रश्न असता तर आम्ही लेखणी उचलली नसती. नीरेकाठी आमच्या निरवांगीत आमच्या हाताखालून गेलेल्या एका गृहस्थाने वडिलार्जित रान विकले. त्या पैशातून मोटार आली, घरावर मजला चढला. आता तो सकाळी सवयीने जुन्या बांधापर्यंत जातो, नव्या तारेच्या कुंपणाशी थोडा वेळ उभा राहतो आणि परततो. त्याच्या मुलास ‘अंतिम’मधील हाणामाऱ्या तोंडपाठ आहेत. “त्यातल्या बापाचे पुढे काय झाले रे?” असे आम्ही विचारले, तेव्हा त्यास आठवेना. मुलगा बुद्धीने मंद नाही. ते लक्षात राहावे अशी तजवीज चित्रपटानेच केलेली नाही.

ज्या घरांत असे चित्रपट मुलांसमवेत पाहिले जातात, तेथील वडीलधाऱ्यांनी चित्रपट संपल्यावर हा एक प्रश्न अवश्य विचारावा. आणि उत्तर न आल्यास रागावू नये. ती जमीन कशी गेली, ती गोष्ट आपण सांगावी.