आंब्याखालचा वाल

गेल्या पौषांत आम्ही अलिबागेकडे आमच्या आप्तांच्या घरीं राहून आलों. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनें रेवस गांठलें, कीं पुढील वाट भातखाचरांमधून जाते. भात कापल्यावर या खाचरांस पाटाचें पाणी मिळत नाहीं. तरी मातींत उरलेल्या ओलीवर येथें कडवा वाल पिकतो, आणि त्याच्याच डाळिंब्यांची उसळ आपण घरोघरीं आवडीनें खातों.

आप्तांच्या घरांत मात्र वाद पेटला होता. बांधावर आजोबांनीं लावलेल्या आंब्याखालीं वाल धरीत नाहीं, म्हणून धाकटे बंधु झाड तोडावयास निघाले होते. थोरल्यांस तें मुळींच मान्य नव्हतें. शेवटीं आम्ही सर्वच शेतावर गेलों.

सावलींतील रोपें उंच, पानें रुंद, पण शेंगा बोटांवर मोजण्याइतक्या. उन्हांतील रोपें बुटकीं, परंतु शेंगांनीं लगडलेलीं. दोन्हीकडचीं रोपें उपटून मुळें पाहिलीं. उन्हांतील मुळांवरच्या गांठी आंतून गुलाबी निघाल्या. सावलींतील गांठी मोजक्या व फिकट. या गांठींतील सूक्ष्म जंतु हवेंतील नत्र रोपास पुरवितात, हें हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनीं १८८८ सालीं दाखवून दिलें. पण हे जंतु फुकट राबत नाहींत. त्यांस साखर लागते, आणि ती पानांनीं उन्हांतच करावयाची असते.

मग आंबा निरुपयोगी म्हणावा काय? सावलीच्या कडेस, जेथें पाला वर्षानुवर्षें कुजला होता पण ऊनहि पोंचत होतें, तेथील माती काळी व भुसभुशीत होती, आणि तेथील वाल साऱ्या शेतांत सरस होता. कुजलेला पाला ओल धरून ठेवतो, आणि बिनपाण्याच्या पिकाचें भांडवल म्हणजे ओलच! घरचे लोक मात्र उरलेला पाला दरसाल राब भाजण्यांत जाळीत होते.

अखेर असें ठरलें कीं, आंब्याच्या खालच्या फांद्या तेवढ्या छाटाव्या, बुंध्याजवळ वाल न पेरतां तेथें पाल्याचा खड्डा करावा, आणि तें खत चांगलें कुजल्यावरच खाचरांत पसरावें. आत्याबाई म्हणाल्या, "झाडहि राहिलें आणि भाऊहि एका पंक्तीस राहिले." निवाडा खरा कीं खोटा, तें पुढील पौषांतील उसळीचें पातेलें सांगेल.