एकतीस गुण

परीक्षेच्या निकालाचा दिवस विद्यार्थ्यांना जितका कठीण वाटतो, तितकाच तो शिक्षकालाही वाटतो, हे सांगितले तर आमच्या बालवाचकांना खरे वाटणार नाही. विद्यार्थ्याला एकाच क्रमांकाची चिंता असते. शिक्षकाला वर्गातील साऱ्या क्रमांकांची असते. शिवाय विद्यार्थी एकदा उत्तीर्ण झाला की सुटला. आम्ही मात्र दरवर्षी नव्याने परीक्षेला बसतो.

आमच्या बेळगाव भागाने परीक्षाही किती पाहिल्या! मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेश परीक्षा १८५९ साली झाली आणि तीत उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे होते. पुढे कित्येक वर्षे आमच्याकडील मुले याच मॅट्रिकच्या परीक्षेला बसत. स्वातंत्र्यानंतर पुण्याच्या मंडळाची शालान्त परीक्षा आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन हा प्रदेश म्हैसूर राज्यात गेला आणि कालांतराने एस.एस.एल.सी. ही अक्षरे घरोघरी रुळली. मंडळे बदलली, अभ्यासक्रम बदलले; मात्र निकालाच्या आदल्या रात्री आईने देवापुढे लावलेले निरांजन तेच राहिले.

आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती २०१९ सालच्या निकालाची आहे. तीत अभिमानाबरोबर थोडी शरमही आहे. पण ती वगळून अभिमान तेवढा सांगणे हे शिक्षकाला शोभणारे नाही.

त्या वर्षी आमच्याकडे दहावीचा चौतीस मुलांचा वर्ग होता. वर्ग चांगला होता, आणि चांगल्या वर्गाचा शिक्षक नकळत लोभी होतो. शाळेच्या दर्शनी भिंतीवर निकालाची पाटी असते. तिच्यावर ‘शंभर टक्के’ असे शब्द आपल्या हातून उमटावेत, ही इच्छा आमच्या मनात घर करून बसली. सहामाहीचे पेपर तपासताना त्या इच्छेच्या आड एकच मुलगा येत असल्याचे दिसले. इतर विषयांत तो कसाबसा तरून जाई, पण गणितात त्याची पाटी कोरी राही. वडील नव्हते. आश्विनात रताळी काढण्याच्या दिवसांत त्याचे दप्तर खुंटीला आणि हात मातीत असत.

अर्ज भरण्याचे दिवस जवळ आले तेव्हा आम्ही त्याच्या आईला शाळेत बोलावले आणि अगदी गोड शब्दांत सुचवले, “यंदा त्याला बसवू नका. तयारी कच्ची आहे. पुढच्या वर्षी बसू दे.” मुलाच्या हिताचाच विचार आपण करीत आहोत, अशी आम्ही स्वतःचीही समजूत घातली होती.

ती माउली बराच वेळ पदराचे टोक चाळवीत उभी राहिली. मग म्हणाली, “सर, पोरगं नापास झालं तर आमचं नशीब. पण तुम्हीच बसू नको म्हटलासा, तर त्यानं कुणाकडं बघायचं ओ?”

आम्ही निरुत्तर झालो. अर्ज भरला गेला.

निकाल लागला. चौतिसांपैकी तेहतीस उत्तीर्ण झाले. तिघांना विशेष श्रेणी मिळाली. पेढे वाटले गेले, लोकांनी आमचे अभिनंदन केले. पण आमचे लक्ष त्या एकाच नावावर खिळले होते. गणिताच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत त्याला १९ गुण मिळाले होते. हवे होते २८. त्या क्षणी आम्हाला त्या मुलाची कीव आली नाही, त्याचा राग आला. पाटीवर ‘शंभर’च्या जागी ‘सत्त्याण्णव’ लिहावे लागणार, याचा तो राग होता. विद्यार्थी मित्रहो, हे लिहिताना लेखणी अडखळते. पण घडले ते असेच.

दोन दिवसांनी तो मुलगा आमच्या दारात उभा राहिला. हातात वही होती. “सर, जूनला परत बसतो. मला गणित शिकवा,” एवढेच तो म्हणाला. वर्षभर आम्ही त्याला शिकवीतच होतो, अशी आमची कल्पना होती. ते त्याच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते, हे त्या एका वाक्याने कळले.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या पडवीत शाळा भरू लागली. सकाळी तो शेतात धूळवाफ पेरणीच्या कामाला जाई आणि दुपारी येई. क्षेत्रफळाचे सूत्र त्याला पाठ होत नव्हते. पण ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर, हे त्याला बोट न मोडता ठाऊक होते. तेव्हा आम्ही पुस्तक मिटले आणि शेतातूनच गणितात शिरलो.

एके दिवशी अंकगणिती श्रेढीपाशी आलो. आम्ही म्हणालो, “तिकोनी वावरात कोबीची रोपे लावायची आहेत. पहिल्या ओळीत १२, दुसरीत १५, अशी दर ओळीस तीन रोपे वाढत जातील. दहा ओळींना रोपे किती?” आम्ही सूत्र लिहिण्यासाठी खडू उचलला, तोच तो म्हणाला, “सर, थांबा.” जमिनीवर काडीने रेघा ओढून तो बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, “पहिली ओळ आणि शेवटची मिळून ५१ होतात. दुसरी आणि नववी मिळून पण ५१च. अशा पाच जोड्या. २५५ रोपं लागतील.”

आमच्या हातातला खडू तसाच राहिला. जे सूत्र आम्ही वर्षभर फळ्यावर लिहिले होते, त्याचे मर्म त्या मुलाने स्वतःच्या नजरेने शोधून काढले होते. आमच्या दृष्टीने त्याचा खरा निकाल त्या दुपारी, आमच्या पडवीतच लागला.

मंडळाचा निकाल पुढे लागला. त्याला गणिताच्या लेखी परीक्षेत ३१ गुण मिळाले. एकतीस! कोणत्या वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र आले नाही, कोणी हार घातला नाही. शाळेच्या पाटीवरही मार्चच्या परीक्षेचा आकडा जसाच्या तसा राहिला. तो मात्र भर पावसात, डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन, आईसह आमच्याकडे आला. आईने पदराखालून गुळाची ढेप काढून आमच्या हाती ठेवली. आम्ही त्या माउलीची क्षमा मागितली. ती का, हे तिला उमगले नसावे; ती नुसती हसली.

पुढे त्याने आय.टी.आय. केले आणि उद्यमबागेतील एका कारखान्यात तो लेथवर उभा राहिला. काही दिवसांपूर्वी धाकट्या बहिणीला आठवीत घालण्यासाठी तो शाळेत आला होता. जाताना म्हणाला, “सर, हिला गणित तुम्हीच शिकवा. पण आधी हिला काय येतं ते बघा.”

आमच्या सर्व वर्षांच्या अध्यापनाचे सार त्याने एका वाक्यात सांगितले.

आमच्या विद्यार्थ्यांनी नव्वद, पंचाण्णव टक्के मिळवावेत, त्यांची नावे पाटीवर सोनेरी अक्षरांत झळकावीत, असे आम्हालाही वाटते. त्यांचा अभिमान आम्हाला आहेच. परंतु निकालाचा दिवस आला की आम्ही यादी खालून वाचावयास सुरुवात करतो. ती सवय आम्हाला त्या एकतीस गुणांनी लावली आहे.