पेल्यातील मालकी

आमचा एक जुना विद्यार्थी गोव्यातील एका हॉटेलात कॉकटेले तयार करण्याच्या कामावर होता. काजूची फेणी, कोकमाचे आगळ आणि हिरव्या मिरचीचा निसटता वास एवढ्यावर त्याने एक पेय सिद्ध केले. ते लोकप्रिय झाले. पुढे त्याने नोकरी सोडली. पेय मात्र तेथेच राहिले आणि मालकाची निर्मिती म्हणून यादीत मिरवू लागले. तेव्हा त्याने आम्हांस विचारले, “सर, कविता चोरली तर कोर्टात जाता येते, मग हे का नाही?” मद्याला कधी न शिवलेल्या इंग्रजीच्या प्राध्यापकास हा प्रश्न विचारावा लागला, हे त्याचे दुर्दैव, परंतु त्याने आमची झोप उडविली खरी.

कॉपीराइट मिळतो तो शब्दरचनेस. एखाद्या कृतीवर चार पाने सुरस लिहिली, तर ती पाने लेखकाची; घटकांची नुसती यादी कोणाचीच नव्हे. पेटंटचे दारही जवळजवळ बंदच. ज्या मिश्रणात घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होते, त्यास आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याचे तिसरे कलम शोध मानीत नाही. राहता राहिले गुपित. पण अंगोस्टुराचा कडू अर्क बंद दाराआड तयार होऊन बाटलीतून बाहेर येतो, म्हणून त्याचे गुपित टिकते. कॉकटेल गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ओतावयाचे असते.

या बाबतीत ‘पेनकिलर’ची कथा आम्हांस फार बोलकी वाटते. ब्रिटिश व्हर्जिन बेटांतील ‘सॉगी डॉलर’ नावाच्या बारमध्ये डॅफ्नी हेंडरसन या बाईंचे हे पेय प्रसिद्धीस आले: रम, अननसाचा व संत्र्याचा रस, नारळाचे गोड घट्ट दूध आणि वर जायफळाची पूड. ‘पसर्स’ रमचे चार्ल्स टोबायस यांनी कृती मागितली. बाईंनी दिली नाही. अखेर त्यांनी एक पेला घरी नेला आणि चव घेत घेत स्वतःचे प्रमाण जमविले. ही हकीकत त्यांची कंपनीच कौतुकाने सांगते! त्या कंपनीने ‘पेनकिलर’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदविले, आणि २०११ साली न्यू यॉर्कमधील त्याच नावाच्या एका बारवर दावा लावला. बारला नाव बदलावे लागले. म्हणजे ज्या बाईंनी चव निर्माण केली, त्यांच्या हाती केवळ मौन होते; ज्यांनी ती हेरली, त्यांच्या हाती नोंदणीचा कागद आला. आम्ही भाषेचे शिक्षक. शब्दास इतके मोल आलेले पाहून आम्हांस आनंद व्हावयास हवा होता. तो झाला नाही.

विद्यार्थ्यास आम्ही तीन गोष्टी लिहून कळविल्या. पुढच्या पेयाचे नाव स्वतःच्या नावे नोंदवावे; मिरचीचा अर्क घरी करून बाटलीतून न्यावा; आणि पहिला पेला ओतण्यापूर्वी नव्या मालकाशी लेखी करार करावा. पहिल्या दोन त्याने मान्य केल्या. तिसरीविषयी त्याचे उत्तर आले की, करार मागणाऱ्या उमेदवारास येथे दुसऱ्या दिवशी कोणी बोलावीत नाही.