भाईंची गाडी

गाडी आमची नव्हती, हे आधीच सांगितलेले बरे. खेड तालुक्यातल्या आमच्या गावात तिला सगळे ‘मास्तरांची गाडी’ म्हणत आणि आम्ही प्रत्येक वेळी ‘भाईंची, भाईंची’ अशी दुरुस्ती करत असू. उर्दू शाळेच्या शिक्षकाने लाल रंगाची पोलो जीटी टीएसआय बाळगावी, हे पटण्यासारखे नव्हतेच. आम्ही शाळेत जायचो ते जुन्या मोटरसायकलवर, तीही पावसाळ्यात मर्जी असेल तरच सुरू होणारी.

गाडी भाईंची होती. भाई २००५ साली कुवेतला गेले, एका घरचे ड्रायव्हर म्हणून. कफीलची मुले शाळेत सोडायची, बेगमसाहेबांना बाजारात न्यायचे, म्हाताऱ्या आजीला दवाखान्यात. त्या घरच्या थोरल्या मुलाची एक वेगवान, बुटकी गाडी होती. ती धुणे, पुसणे, चकाकती ठेवणे हे काम भाईंचे; चालवणे मुलाचे. दहा-अकरा वर्षे भाईंनी ती गाडी पुसली. याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही. पण २०१६ साली रजेवर आले ते थेट शोरूममध्ये गेले आणि पोलो जीटी नोंदवूनच घरी आले. अम्मी म्हणाल्या, “अरे, घराचं छप्पर गळतंय!” भाई म्हणाले, “छप्पर पुढच्या रजेला.”

रजा चाळीस दिवसांची. गाडी हातात पडेपर्यंत पंधरा दिवस गेले. उरलेल्या दिवसांत दोन लग्ने, एक मयत, आणि कुवेतहून आलेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे पाहुणे. भाईंनी गाडी चालवली ती गिअरचा दांडा ‘डी’वर ठेवून, साठच्या आत, ओरखडा उठेल या धास्तीने. जाताना चावी आमच्या हातात ठेवून म्हणाले, “आठवड्यातून एकदा चालवत जा. नुसती उभ्या उभ्या सुरू करून ठेवू नको, बॅटरी बसते.”

अशी आमची आणि गाडीची दर शुक्रवारची भेट ठरली.

पहिल्याच शुक्रवारी आमची फजिती झाली. या गाडीला क्लचचे पायडल नाही. आमचा डावा पाय सवयीने क्लच शोधत खाली गेला आणि ब्रेकवर पडला. गाडी जागच्या जागी थांबली, मागे बसलेल्या अम्मींच्या मांडीवरची पिशवी पुढे आली आणि त्यांनी ‘ला हौल’ म्हटले. त्या दिवसापासून डावा पाय आम्ही सीटखाली दुमडून ठेवू लागलो. वर्गात खोडकर मुलाला बाकाच्या टोकाला बसवतात तसा.

दुसरी फजिती मशिदीत झाली. गाडी अंगणाच्या कडेला लावून आम्ही नमाजला उभे राहिलो. बाहेर येऊन पाहतो तर गाडीच्या चारही काचा खाली आणि ड्रायव्हरच्या सीटवर मांजर! काचा आम्ही स्वतः बंद केल्या होत्या. कुणी म्हणाले चोर, कुणी म्हणाले जिन्नात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तेच. तेव्हा कुठे आम्ही कप्प्यातले जाडजूड इंग्रजी माहितीपुस्तक बाहेर काढले आणि शब्दकोश घेऊन बसलो. चावीवरचे उघडण्याचे बटण दाबून धरले की काचा आपोआप खाली येतात आणि बंद करण्याचे दाबून धरले की वर जातात. उन्हात तापलेल्या गाडीतली गरम हवा बाहेर जावी म्हणून ही सोय. आमची चावी पँटच्या खिशात असायची आणि बसताना ती मांडीखाली दाबली जायची. जिन्नात आमच्याच खिशात होता.

मग आम्हाला ते पुस्तक वाचायचा नादच लागला. रोज दोन पाने वाचायची आणि वहीत उर्दूत टिपण करायचे. पावसात मागे घेताना काचेचा मागचा वायपर आपोआप का हलतो? पुढचा वायपर चालू असताना रिव्हर्स टाकला की मागचाही हलावा, अशी योजनाच आहे. सिग्नलची दांडी नुसती हलकेच टेकवली तर दिवा तीनदा लुकलुकून बंद का होतो? रस्त्यावर बाजू बदलायला तेवढे पुरते म्हणून. रात्री आमच्या गल्लीत वळताना खालच्या दिव्यांपैकी फक्त वळणाच्या बाजूचा का पेटतो? कमी वेगात वळणाचा कोपरा दिसावा म्हणून. तो दिवा आम्ही कित्येक महिने बिघाड समजत होतो.

खरी गंमत गिअरबॉक्सची होती. हिच्यात सात गिअर आणि दोन क्लच. एका क्लचकडे एक, तीन, पाच, सात; दुसऱ्याकडे दोन, चार, सहा आणि रिव्हर्स. गाडी दुसऱ्यावर धावत असते तेव्हा तिसरा आधीच जुळवून तयार असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा धरतो, आणि मध्ये ओढ तुटत नाही. ही कल्पना पोर्शे कंपनीने १९८०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांत वापरून पाहिली. २००३ साली फोक्सवॅगनने ती गोल्फ गाडीत घालून सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत आणली. आमची पोलो तर पुण्याजवळच्या चाकणची. इंजिन जेमतेम ११९७ सीसीचे, पण टर्बो असल्यामुळे १०५ पीएस ताकदीचे, आणि तिचा खरा जोर फार फिरवावे न लागता दीड हजार फेऱ्यांपासूनच मिळू लागतो. ‘डी’वर ती पेट्रोल वाचवायला लगेच वरच्या गिअरला जाते आणि शहाण्या मुलीसारखी वागते. दांडा ‘एस’वर आणला की तीच गाडी गिअर धरून ठेवते, आवाज बदलते, पाय टेकताच उसळते. आणि ॲक्सिलरेटर अगदी तळापर्यंत दाबला की पायाखाली एक ‘टक्’ लागते. ती ओलांडली की गाडी एकदम खालचे गिअर घेऊन झेपावते.

दर शुक्रवारी रात्री भाईंचा फोन यायचा. अम्मींची तब्येत, मुलीचा अभ्यास, पैसे पोचले का, एवढे झाले की ते आवाज थोडा खाली आणून विचारायचे, “गाडी कशी आहे?” आम्ही आठवड्याचा शोध सांगायचो. “अस्सं?” भाई म्हणायचे. “काचा चावीनं उतरतात? आणि ‘एस’ म्हणजे काय रे?” एकदा त्यांनी ती ‘टक्’ कशी लागते हे तीनदा विचारले. फोन ठेवल्यावर आम्हाला अपराध्यासारखे वाटले. माणूस तिकडे राबतो आहे, हप्ते भरतो आहे, आणि त्याच्या गाडीची ओळख होते आहे आम्हाला. भाईंची मुलगी पहिल्यांदा चालली तेव्हाही असाच फोन गेला होता आणि भाई असेच ‘अस्सं?’ म्हणाले होते.

एक कोडे मात्र आम्हाला सुटले नाही. खेडच्या बाजारात गर्दीत अडकलो की गाडी हिसके देई. थांब, चाल, थांब, चाल. प्रत्येक वेळी अम्मींची मान हले. आम्ही टिपणात लिहिले, ‘गर्दीत नाखूश असते.’ चढावर थांबलो की ॲक्सिलरेटरवर पाय ठेवून गाडी जागेवर तोलून धरायचो, कारण आमचा जुना उस्ताद रिक्षावाला होता आणि त्याने तसेच शिकवले होते. पुस्तकात तसे करू नका असे स्पष्ट लिहिले आहे, क्लच तापतो. ते पान आमच्याकडून वाचायचे राहिले होते.

२०१८ साली भाई आले तेव्हा छप्पर झाले. २०२० साली करोनामुळे येता आले नाही. २०२१ साली आले ते अम्मींच्या आजारपणात, गाडी फक्त दवाखान्याच्या वाटेवर धावली. २०२२ साली भारतात पोलो बनायचीच बंद झाली, भाईंना सांगितले तर म्हणाले, “मग आता आपली जास्त जप.” आणि २०२४ साली, कफीलच्या घरातली मुले मोठी होऊन स्वतः गाड्या चालवू लागल्यावर, भाई दोन बॅगा घेऊन कायमचे परत आले.

एक महिना ते गाडीला नुसते पुसत होते. कुवेतच्या सवयीने रोज सकाळी, फज्रनंतर. शेवटी एका रविवारी आम्ही म्हटले, “भाई, चला कुंभार्ली घाटात.”

आम्ही शेजारी बसलो, मांडीवर उर्दू वही. भाई आमच्याच शाळेत सातवीपर्यंत शिकलेले, त्यामुळे त्यांना वहीतला शब्द न् शब्द वाचता आला. चिपळूण सोडले, चढ सुरू झाला. आम्ही मास्तरी आवाजात सांगत होतो, “आता ‘एस’ घ्या. वळणाआधी ब्रेक, वळणात पाय हलका, बाहेर पडताना दाबा.” समोरचा ट्रक मागे टाकायचा होता, रस्ता लांबवर मोकळा दिसत होता. “आता, भाई. तळापर्यंत.” भाईंनी पाय दाबला. ती ‘टक्’ आम्हालाही जाणवली. गाडीने श्वास घेतल्यासारखे केले आणि ट्रक मागे गेला. भाई काही बोलले नाहीत. पुढच्या वळणावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, उतरले, बॉनेटवर हात ठेवून दरीकडे पाहत उभे राहिले. मग म्हणाले, “एकोणीस वर्षं पुसली रे मी.” कुठली गाडी, हे त्यांनी सांगितले नाही.

परतताना बाजारात कोंडी लागली. आम्ही हिसक्यांची तयारी ठेवून बसलो. एकही हिसका बसला नाही. भाई पुढच्या गाडीला चिकटत नव्हते. चांगले अंतर पडू द्यायचे, मग ब्रेकवरचा पाय हलकेच उचलून गाडीला आपल्या आपण सरकू द्यायचे; ॲक्सिलरेटरला हातसुद्धा, म्हणजे पायसुद्धा, लावत नव्हते. चढावर ब्रेक धरून थांबत. ब्रेक सोडल्यावर गाडी दोन क्षण स्वतः थांबून राहते तेवढ्यात निघत. “मागे आजी बसायची,” भाई म्हणाले. “तिच्या हातात चहाचा पेला असायचा. सांडला तर मला नाही बोलायची, पण डोळे मिटून घ्यायची. त्यापेक्षा बोललेलं परवडलं असतं.”

आम्ही वही मिटली. आठ वर्षे आम्ही गाडी वाचली होती, चालवली नव्हती. ‘गर्दीत नाखूश’ गाडी नव्हती, आमचा पाय उतावीळ होता. वर्गातल्या काही मुलांवरही आम्ही असेच शेरे मारलेले आठवले. ते प्रगतिपुस्तकात अजून आमच्या सहीनिशी आहेत.

त्यानंतर सात महिने गाडी खरोखर भाईंची होती. मग भाचीचा, म्हणजे आमच्या पुतणीचा, फार्मसीला नंबर लागला. भाची म्हणून गेलो, कारण आमच्या घरात तिला हाक मारायला नाती पुरत नाहीत. फी मोठी होती. आम्ही कर्ज काढायचे म्हणत होतो. भाई म्हणाले, “छप्पर एकदा मागे ठेवलं होतं. मुलगी ठेवायची नाही.”

गिऱ्हाईक चिपळूणचा एक तरुण होता. पैसे मोजून झाले तरी भाईंनी त्याला तासभर सोडले नाही. काचा दाखवल्या, मागचा वायपर दाखवला, ‘एस’ समजावला, चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलू नकोस असे दोनदा बजावले. आम्ही वही पुढे केली. तरुणाने उलटीकडून उघडली, हसला, म्हणाला, “मला उर्दू येत नाही, सर.” भाईंनी ती त्याच्या हातातून घेतली आणि आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.

मगरिबची अजान होत होती. गाडी निघाली. मशिदीच्या कोपऱ्यावर वळताना तिचा वळणाकडचा खालचा दिवा पेटला, भिंतीचा कोपरा उजळला आणि गाडी दिसेनाशी झाली. “बघितलंस?” भाई म्हणाले. “बिघाड नाही तो.”