शहाबादी फरशी

सोलापूरच्या आमच्या वाड्यात, देवघराच्या उंबऱ्यापासून दोन हातांवर, एका फरशीवर रुपयाएवढा फिकट डाग होता, आणि तो माझ्यामुळे पडला आहे हे घरातल्या लहानथोरांना ठाऊक होते. एका उन्हाळ्यात सरबतासाठी चिरलेल्या लिंबाची फोड मी जमिनीवर ठेवून विसरून गेलो होतो. सकाळी आजीने ती उचलली तेव्हा तिच्या हातच्या रोजच्या पुसण्याने आरशासारख्या झालेल्या त्या निळसर दगडाची झिलई तेवढ्या वर्तुळापुरती कायमची उतरली होती. "लिंबू दगड खातं रे बाळा," एवढेच ती म्हणाली. त्या वाक्याचा अर्थ पुरता कळावयास मला पुढे दहा वर्षे लागली.

भिंती काळ्या पाषाणाच्या, म्हणजे आमच्याच भूमीच्या. फरशी मात्र परमुलुखाची, आजोबांनी निजामाच्या अमलाखालील शहाबादेहून आगगाडीने आणविलेली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याने महाराष्ट्राचा बहुतेक भाग झाकून टाकला आहे. पृथ्वीवरील जमिनीचा सुमारे तीन चतुर्थांश पृष्ठभाग गाळाच्या खडकांचा असताना आमच्या वाट्याला मात्र पायाखाली सर्वत्र अग्निजन्य कातळच आला, आणि गाळाचा खडक आम्हांस प्रथम भेटला तो असा, मालगाडीच्या वाघिणीतून येऊन माजघरात अंथरला गेलेला.

महाविद्यालयात भूविज्ञानाच्या पहिल्याच प्रात्यक्षिकाला प्राध्यापकांनी एका करड्या दगडावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब सोडला. तो सळसळून फेसाळला, आणि ते "कॅल्शियम कार्बोनेट, कार्बन डायऑक्साइड" असे सांगू लागले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आजीच उभी राहिली. तिने एका वाक्यात चुनखडकाची परीक्षाच सांगून ठेवली होती.

गाळाचा खडक कसा घडतो हे पुस्तकात थोडक्यात लिहिलेले असते: ऊन, पाऊस आणि वारा डोंगर झिजवितात, नद्या तो चुरा वाहून नेतात, वेग मंदावला की तो तळाशी बसतो, वरच्या भाराने दाबला जातो, आणि कणांच्या फटींतून झिरपणाऱ्या पाण्यातील चुना, सिलिका किंवा लोहाचे क्षार त्यांना परस्परांशी सांधतात. मला मात्र हे पटले ते वडिलांच्या कचेरीमुळे. ते दप्तरखान्यात कारकून होते. छतापर्यंत रचलेल्या रुमालांतून त्यांना जुना कागद काढावयाचा असला की ते साल पाहत नसत, खाली हात घालीत. जो रुमाल आधी ठेवला तो तळाशी, हा त्यांचा नियम. निकोलस स्टेनोने १६६९ साली पृथ्वीच्या थरांविषयी हेच लिहिले, हे वाचल्यावर वडिलांविषयीचा माझा आदर दुणावला.

वर्गीकरणाच्या प्रकरणात सौंदर्य आहे असे मी म्हटले तर वाचकांना आश्चर्य वाटेल, पण माझी ती प्रामाणिक भावना आहे, कारण या खडकांची प्रतवारी रंगावर वा काठिण्यावर होत नसून त्यांच्या जन्मकथेवर होते. जे दुसऱ्या खडकांच्या चुऱ्यातून जन्मले त्यांची वर्गवारी कणांच्या आकाराने होते: दोन मिलिमीटरांहून मोठ्या गोट्यांचा पिंडाश्म, वाळूचा वालुकाश्म, आणि बोटांना जाणवणारही नाही अशा चिखलाचा शेल, त्यातही गोटे वाटोळे असतील तर त्यांनी दूरचा प्रवास केला, कोनदार असतील तर ते उगमाजवळच थांबले. दुसरा वर्ग पाण्यात विरघळलेले द्रव्य तळाशी बसून झालेल्यांचा, जसे सैंधव मीठ वा जिप्सम. तिसरा वनस्पती व प्राणी यांच्या अवशेषांचा, जसा दगडी कोळसा. चुनखडक मात्र या तिन्ही घरांत नांदतो. कोठे तो शंखशिंपल्यांचा, कोठे समुद्राच्या पाण्यातून निवळलेल्या चुन्याचा, कोठे जुन्या चुनखडकाच्याच चुऱ्याचा. आमची फरशी शंखशिंपले अस्तित्वात येण्यापूर्वीच्या उथळ, निवांत समुद्रात बसलेल्या चुन्याच्या अतिसूक्ष्म चिखलाची.

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे चंद्रपुरास होतो. वर्धेच्या खोऱ्यातील कोळसा आणि कामठीच्या नावाने ओळखला जाणारा वालुकाश्म तेथे नित्याचा झाला. पण चित्तात ठसले ते इरई नदीकाठचे ओरखडे उमटलेले गोटे. तेथील ज्येष्ठातल्या उन्हात उभे राहून, हे ओरखडे एका प्राचीन हिमनदीने काढलेले आहेत असे स्वतःस सांगताना माझे अंग शहारले होते.

शहाबादला मी गेलो तो अगदी उतारवयात. खाणीत चुनखडक वहीच्या पानांसारखा आडवा पसरलेला असून माणसे सुरुंगाविना, केवळ पहार आणि पाचर घालून एकेक पान उचलीत होती. चुना बसण्याच्या क्रमात मधूनमधून खंड पडे, तेवढ्या अवकाशात मातीचे पातळ पूट साचे, आणि आज दगड त्याच पुटाशी सुटतो, म्हणून त्या समुद्राच्या विरामांच्या ठिकाणी आमच्या घरांच्या फरश्या होतात. परंतु खरा विस्मय पुढेच होता. पश्चिमेकडे व उत्तरेकडे हाच चुनखडक आमच्या काळ्या पाषाणाखाली शिरून दिसेनासा होतो. खाली चुनखडक, वर काळा पाषाण: आजोबांच्या वाड्यात फरशी आणि भिंती ज्या क्रमाने उभ्या होत्या तोच हा क्रम, आणि त्यांना त्याची वार्ताही नव्हती.

पुढे वाड्याचे खरेदीखत झाले. नव्या मालकांनी सौजन्याने मला डागाची फरशी काढून नेऊ दिली. गवंड्याला ती सोडविताना घाम फुटला. खालचा चुना तिला असा बिलगला होता की दोहोंमधला सांधा छिन्नीला सापडेना. भट्टीत भाजून खडकातून निघालेला तो चुना इतकी वर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषीत शोषीत पुन्हा पूर्ववत दगडच झाला होता.

आता ती फरशी माझ्या पुण्याच्या घराच्या गच्चीत, तुळशीजवळ ठेवली आहे. आणली त्या दिवशी मी तिची खालची बाजू वर केली आणि तिला चिकटलेल्या चुन्यावर लिंबाचा एक थेंब पिळला. तो फेसाळला. मग ती सुलटी करून डाग स्वच्छ पुसला, आणि लिंबू आत नेऊन ठेवले.